हृदयाची गंगाजळी

गेल्या वर्षी पौषात आम्ही घरची अकरा माणसे बागलाणातील मांगी-तुंगीच्या दर्शनास गेलो होतो. पहाटे पाचच्या सुमारास पायथ्याहून चढावयास प्रारंभ केला. माझे वय ६३. बँकेच्या नोकरीत ३६ वर्षे खुर्चीवर बसून काढल्यानंतर निवृत्त होताच मी रोज पहाटे पाच किलोमीटर चालण्याचा नेम धरला आहे. त्यामुळे हजारो पायऱ्यांची ती वाट सावकाश का होईना, पार करता येईल अशी खात्री होती. बरोबर माझ्या धाकट्या बंधूंची कन्या होती. वय २६, पुण्यात संगणक क्षेत्रातील नोकरी, शाळेत असताना खो-खोच्या संघात जिल्हा पातळीपर्यंत खेळलेली. ती सर्वांच्या आधी माथ्यावर पोहोचेल आणि आम्हां वृद्धांची वाट पाहत बसेल, असेच सर्वांनी गृहीत धरले होते.

प्रत्यक्षात झाले उलटे. तीनेकशे पायऱ्या चढून झाल्या नसतील, तोच ती कठड्याला टेकून उभी राहिली. चेहरा पांढुरका पडला होता, श्वास छातीत मावत नव्हता. तिच्या मनगटावर नाडीचे ठोके मोजणारे घड्याळ होते. त्यावर १७६ हा आकडा दिसत होता. मी तिच्याजवळ थांबलो. पाच मिनिटे झाली, सात झाली, तरी तो आकडा लवकर उतरेना. माझ्या सौभाग्यवतीने "उपाशीपोटी निघालीस, पित्त झालं असेल" असे निदान केले. वहिनींना ते रात्रीच्या जागरणाचे फळ वाटले. निदाने अनेक झाली. खरे कारण फक्त तिलाच ठाऊक होते.

ते मला त्याच रात्री कळले. धर्मशाळेच्या गच्चीवर मी मफलर विसरलो होतो, तो आणण्यास गेलो. कोपऱ्यात अंधारात एक ठिणगी दिसली आणि वास आला. मला पाहताच तिने हात मागे नेला. पण धूर मागे नेता येत नाही.

क्षणभर मला काय वाटले, ते प्रामाणिकपणे सांगतो. संताप आला. आपल्या घरातली मुलगी, आणि तीही अशा ठिकाणी! ओठांवर आलेले शब्द फार कठोर होते. माझ्या तोंडाकडे पाहून तीच आधी बोलली, "काका, व्याख्यान नको. मोठे काका ओढायचे तेव्हा कुणी काही बोललं का? दुकानातून पाकीट काढून बाबाच त्यांना द्यायचे. मी पाहिलंय."

मी मफलर घेऊन खाली आलो. उत्तर दिले नाही, कारण माझ्यापाशी उत्तर नव्हते.

आमचे करमाळ्याला किराणा-भुसाराचे दुकान आहे. वडिलांनी सुरू केलेले, आता धाकटे बंधू चालवतात. एम.कॉम. होईपर्यंत सुट्टीत दुकानाची खतावणी मी लिहीत असे. त्या वह्यांत 'विडी-काडी' असे स्वतंत्र खाते होते. आमच्या घरात कंदमूळ येत नसे, सूर्यास्तानंतर जेवण होत नसे. परंतु गल्ल्याशेजारच्या काचेच्या कपाटात सिगारेटची पाकिटे नीट रचलेली असत. वडील म्हणत, "विडी-काडीनं नफा होत नाही, गिऱ्हाईक होतं." आपण ओढत नाही, केवळ विकतो, या समजुतीने सर्वांचे समाधान होत असे. आपल्याकडे सांगितलेल्या सात व्यसनांच्या यादीत तंबाखूचे नाव नाही, असाही युक्तिवाद मी ऐकला आहे. ते नाव असणार तरी कसे? ती यादी जुनी, आणि तंबाखू या देशात पोर्तुगीज व्यापाऱ्यांबरोबर आली त्याला उणीपुरी चारच शतके झाली.

आमचे थोरले बंधू, आण्णा, त्याच कपाटातील माल घेऊन गोदामामागे जात. सर्वांना माहीत होते. कोणी बोलत नसे. २००७ साली, वयाच्या ५३व्या वर्षी, दुकानाच्या पायरीवरच त्यांना हृदयविकाराचा तीव्र झटका आला आणि सोलापूर गाठण्यापूर्वीच सारे संपले. त्यानंतर जमलेल्या मंडळींत धंद्याच्या काळजीविषयी चर्चा झाली, आयुष्याच्या दोरीविषयी झाली. सिगारेट हा शब्द कोणी उच्चारला नाही. पुतणी त्या वेळी नऊ वर्षांची होती. मुले पाहत असतात, एवढे आम्ही विसरलो होतो.

गच्चीवरून उतरताना मला दुसरीही एक गोष्ट उमगली. आण्णांच्या व्यसनावर मी कधी रागावलो नव्हतो; हिच्यावर मात्र क्षणात रागावलो. म्हणजे माझा राग तंबाखूवर नव्हता, मुलीने ती ओढण्यावर होता. हा हिशेब चुकीचा होता आणि चुकीच्या हिशेबावर सही करावयाची नाही, एवढी शिस्त बँकेने मला शिकवली आहे.

म्हणून पुण्याला परतल्यावर मी उपदेश बाजूला ठेवला आणि माहिती गोळा करण्यास बसलो. एका जुन्या खातेदाराचे चिरंजीव हृदयरोगतज्ज्ञ आहेत. त्यांना भेटलो, त्यांनी सुचवलेले वाचले आणि जे समजले ते एका वहीत जमा-खर्चाच्या रीतीने मांडले. त्यातील मुख्य नोंदी वाचकांपुढे ठेवतो.

पहिली नोंद प्राणवायूची. सिगारेटच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा वायू असतो. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते. परंतु या विषारी वायूला ते प्राणवायूच्या तुलनेत दोनशे पटींहून अधिक घट्ट धरते. परिणामी रक्तातील काही वाहने प्राणवायूऐवजी हा निरुपयोगी माल लादून फिरत राहतात. मोकळ्या हवेत त्यातील निम्मा भाग उतरण्यास साधारण चार ते पाच तास लागतात. दिवसातून चार-पाच सिगारेटी ओढणाऱ्या व्यक्तीचे रक्त म्हणूनच जागेपणी कधीही पूर्ण स्वच्छ होत नाही. आमच्या पुतणीने त्या पहाटे निघण्यापूर्वी एक सिगारेट ओढली होती, हे तिने नंतर सांगितले.

येथे स्त्रियांची बाजू मुळातच तोट्याची आहे. स्त्रियांचे हिमोग्लोबिन पुरुषांपेक्षा निसर्गतःच कमी असते. त्यातून आपल्या देशातील २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. आधीच वाहने कमी, त्यांतली काही परक्या मालाने अडवलेली. मग चढावर स्नायूंना प्राणवायू पोहोचणार कसा?

दुसरी नोंद निकोटिनची. धूर आत घेतल्यापासून काही सेकंदांत निकोटिन मेंदूपर्यंत पोहोचते. हृदयाचे ठोके मिनिटाला दहा ते वीसने वाढतात, रक्तदाब चढतो आणि रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. त्यांत हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्याही आल्या. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यास हे समजण्यास अडचण नाही: हृदयाची मागणी वाढवावयाची आणि त्याच वेळी पुरवठ्याचा रस्ता अरुंद करावयाचा. याशिवाय रक्तातील बिंबिका अधिक चिकट होतात आणि गुठळी होण्याचा संभव वाढतो.

तिसरी नोंद मला सर्वांत महत्त्वाची वाटली, कारण ती थेट आमच्या पायऱ्यांवरच्या प्रसंगाशी जुळत होती. ग्रीसमधील संशोधकांनी २० ते २९ वर्षे वयाच्या २९८ निरोगी तरुण-तरुणींना ट्रेडमिलवर पूर्ण थकेपर्यंत चालवून-पळवून त्यांचे ठोके मोजले. हा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. धूम्रपान करणाऱ्यांचे विश्रांतीतील ठोके अधिक होते. मात्र व्यायामात त्यांच्या ठोक्यांचा वेग संथपणे वाढला आणि कमाल मर्यादाही खालीच राहिली. धूम्रपान न करणाऱ्या तरुणींचे हृदय मिनिटाला सरासरी १९८ ठोक्यांपर्यंत पोहोचले. करणाऱ्या तरुणींचे १९१ वर थांबले.

सात ठोक्यांचा फरक तो काय, असे मलाही वाटले होते. तेव्हा डॉक्टरांनी एक संज्ञा समजावून दिली. कमाल ठोक्यांतून विश्रांतीतील ठोके वजा केले की जे उरतात, ते हृदयाचे राखीव ठोके. जिना चढताना, धावताना, संकटात पळताना हृदय याच राखीव निधीतून खर्च करते. आपल्या व्यापारी भाषेत ही हृदयाची गंगाजळी. त्या अभ्यासात धूम्रपान न करणाऱ्या तरुणींची गंगाजळी सुमारे १२८ ठोक्यांची होती, करणाऱ्यांची सुमारे ११५. म्हणजे तिशीदेखील गाठली नाही, कोणताही आजार नाही आणि तरी दहा टक्के राखीव निधी उडाला. काही न करता बसलेल्या अवस्थेत हृदय अधिक खर्च करते आणि खऱ्या गरजेच्या वेळी हात आखडता घेते. असा ताळेबंद एखाद्या पेढीचा माझ्यासमोर आला असता, तर मी कर्जमंजुरीपूर्वी दहा वेळा विचार केला असता.

अशा निरीक्षणांची परंपरा जुनी आहे. अमेरिकी हवाई दलातील डॉक्टर केनेथ कूपर यांनी १९६८ मध्ये जवानांच्या बारा मिनिटांच्या धावण्याच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. धूम्रपान करणारे कमी अंतर कापत होते आणि प्रशिक्षणानंतरही ते इतरांच्या मागेच राहिले. ते सारे पुरुष होते. मुलींच्या बाबतीत तोटा अधिकच असावा, असे सुचवणारी माहिती पुढे आली. १९९६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या, १० ते १८ वयाच्या सुमारे दहा हजार मुला-मुलींच्या अभ्यासात धूम्रपानाने फुप्फुसांच्या क्षमतेची वाढ मंदावते आणि मुलींमध्ये ती मुलांपेक्षा अधिक मंदावते, असे आढळले. सुमारे २४ लाख लोकांच्या माहितीचा एकत्रित विचार करणारा अहवाल 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०११ साली आला. त्यानुसार धूम्रपानामुळे वाढणारा हृदयविकाराचा सापेक्ष धोका स्त्रियांत पुरुषांपेक्षा २५ टक्के अधिक आहे. एस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांना, विशेषतः पस्तिशीनंतर, डॉक्टर धूम्रपानाविषयी आवर्जून विचारतात, तेही याच कारणाने. लेकी-सुनांनी तेथे संकोचाने खोटे सांगू नये.

ही वही मी पुतणीला दिली. तिने ती वाचली आणि बँकेच्या लेखापरीक्षकास शोभेल असा आक्षेप काढला. "काका, मी दिवसाला फक्त चार-पाच ओढते. कामाचा ताण असतो, रात्रीच्या पाळ्या असतात. वीस ओढणाऱ्याच्या तुलनेत माझा धोका पाव हिस्साच ना?"

त्रैराशिकाने तिचे बरोबर होते. पण शरीर त्रैराशिक पाळत नाही. २०१८ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. दिवसाला वीस सिगारेटींमुळे हृदयविकाराचा जो जादा धोका निर्माण होतो, त्याचा केवळ पाच टक्के भाग एका सिगारेटीच्या वाट्याला यावा, अशी आपली समजूत. परंतु दिवसाला एकच ओढणाऱ्या पुरुषांत तो जवळजवळ निम्मा आणि स्त्रियांत सुमारे एक-तृतीयांश आढळला. पहिल्याच हप्त्याला एवढे व्याज आकारणारा सावकार आपल्यापैकी कोणी दारात उभा करणार नाही.

तिचा दुसरा प्रश्न अधिक टोकदार होता. "मुलांनी ओढलं तर चालतं, मुलींनी ओढलं की घराणं बुडतं, असं का?" मी कबूल केले की हा भेद अन्यायाचा आहे आणि त्यात मीही सामील होतो. मग तिला एक हकिकत सांगितली. १९२९ साली न्यूयॉर्कमध्ये ईस्टरच्या मिरवणुकीत काही तरुणींनी सर्वांदेखत सिगारेटी पेटवल्या आणि त्यांना 'स्वातंत्र्याच्या मशाली' म्हटले गेले. वृत्तपत्रांत मोठी चर्चा झाली. ती योजना एडवर्ड बर्नेज या प्रसिद्धितज्ज्ञाची होती आणि तो एका तंबाखू कंपनीसाठी काम करीत होता. स्त्रिया ओढत नाहीत म्हणजे निम्मी बाजारपेठ रिकामी, एवढाच त्यामागचा हिशेब. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मी बंडखोर नाही, गिऱ्हाईक आहे." आम्ही दोघेही हसलो. त्या दिवशी प्रथमच हा विषय आमच्यात मोकळा झाला.

डॉक्टरांनी तिची हृदयालेख व ट्रेडमिल चाचणी केली. दोन्ही निर्दोष आल्या. तिला वाटले, वाद जिंकला. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "आजार नाही याचा अर्थ नुकसान नाही, असा होत नाही. तुमची वेळ मात्र उत्तम आहे." आणि त्यांनी जी माहिती दिली तिनेच बहुधा पारडे फिरले. ब्रिटनमध्ये तेरा लाख स्त्रियांची वर्षानुवर्षे पाहणी करण्यात आली. तिचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. आयुष्यभर धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांचे आयुष्य किमान दहा वर्षांनी घटले. परंतु चाळिशीपूर्वी सोडणाऱ्यांचा अकाली मृत्यूचा जादा धोका नव्वद टक्क्यांहून अधिक टळला आणि तिशीपूर्वी सोडणाऱ्यांचा सत्त्याण्णव टक्क्यांहून अधिक. माझ्या उभ्या नोकरीत थकीत कर्जावर एवढी सूट मी कोणत्याही योजनेत पाहिली नाही. अट एकच, मुदतीपूर्वी खाते बंद करणे.

तिने गुढीपाडव्याचा दिवस ठरवला. वाचकांस सत्य सांगावयाचे तर ते एका दिवसात झाले नाही. पहिले दोन आठवडे चिडचिड, निद्रानाश, सारखी भूक. वजन वाढेल ही तिची मोठी भीती होती. ती निराधार नव्हती. सोडल्यावर वर्षभरात सरासरी चार-पाच किलो वजन वाढते, हेही डॉक्टरांनी लपवले नाही. त्यांनी निकोटिनची च्युइंगगम लिहून दिली, चालणे वाढवण्यास सांगितले. पाकिटांवर छापलेल्या १८००-११-२३५६ या शासनाच्या विनामूल्य दूरध्वनी सेवेवरही ती दोनदा बोलली. आषाढात कामाच्या गर्दीत एका रात्री पुन्हा दोन सिगारेटी ओढल्या गेल्या. दुसऱ्या दिवशी तिने मला स्वतः दूरध्वनी करून सांगितले. मी एवढेच विचारले, "आज ओढलीस का?" ती नाही म्हणाली. "मग आजपासून नवे पान," असे म्हणून मी विषय बदलला. गच्चीवरचे कठोर शब्द मी त्या रात्री उच्चारले असते, तर हा दूरध्वनी आला नसता, याविषयी मला शंका नाही.

राहिला दुकानाचा प्रश्न. धाकट्या बंधूंपाशी विषय काढला तेव्हा ते वैतागले. "दादा, मी नाही ठेवली तर शेजारचा ठेवेल. पाकीट घ्यायला येणारा साखर, चहा घेऊन जातो." वडिलांचेच वाक्य, पन्नास वर्षांनी. मी वाद घातला नाही. वर्षाची बिले मागून घेतली आणि विडी-काडीचे खाते पुन्हा एकदा, बहुधा अखेरचे, लिहून काढले. नफा शून्य नव्हता. ओळखीची काही गिऱ्हाइके तुटणार, हेही स्पष्ट होते. मी त्या पानाच्या शेवटी खर्चाच्या बाजूला फक्त आण्णांचे नाव लिहिले. रक्कम लिहिली नाही. बंधूंनी वही मिटली आणि काही न बोलता आत गेले. दिवाळीच्या वहीपूजनाच्या आदल्या दिवशी त्यांनी उरलेला माल घाऊक व्यापाऱ्यास परत केला. त्या कपाटात आता राजगिऱ्याचे लाडू आणि चिक्की असते. काही गिऱ्हाइके गेली, ती परत आलेली नाहीत.

आपल्या समाजातील अनेक घरांत आज लेकी शिक्षणासाठी, नोकरीसाठी दूर राहतात. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण दोनच टक्के होते, म्हणून हा प्रश्न आपला नाही असे मानणे सोयीचे असते. त्याच पाहणीत धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या स्त्रिया मात्र सुमारे तेरा टक्के होत्या. आपल्या गावाकडची मिश्रीची डबी आठवली म्हणजे याचे आश्चर्य वाटत नाही. घरात असे काही आढळलेच, तर माझी विनंती एवढीच आहे: स्थळांची, नातेवाइकांची, अब्रूची भाषा प्रथम काढू नये. प्रथम तिच्या श्वासाची विचारपूस करावी. आणि मुलगा असो वा मुलगी, हिशेब एकाच वहीत मांडावा. हे सारे लिहिण्यास पुतणीने अनुमती दिली आहे. नाव तेवढे गुप्त ठेवावयास सांगितले. खातेदाराची गोपनीयता पाळण्याची मला सवय आहेच.

यंदा माघात आम्ही पुन्हा मांगी-तुंगीला गेलो. त्या कठड्यापाशी आलो तेव्हा मी सवयीने थांबलो आणि मागे वळून पाहिले. मागे ती नव्हती. पुढच्या वळणावर, वीस-पंचवीस पायऱ्या वर, ती पाण्याची बाटली घेऊन उभी होती. धाप तिलाही लागली होती, पण बोलता येत होते. मी जवळ पोहोचताच तिने मनगटावरचे घड्याळ माझ्यापुढे धरले आणि म्हणाली, "माझं राहू द्या काका, तुम्ही बसा जरा. तुमचे ठोके मोजू."